डाव्या हातचा मळ

एखादं काम अगदी सोपं असलं की आपण म्हणतो, हे तर माझ्या डाव्या हातचा मळ! होस्टेलवर हे वाक्य सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास ऐकू येतं, आणि ते कितपत खरं होतं हे दुसऱ्या दिवशी सरांसमोर कळतं. पण मित्रांनो, डावा हात म्हणजे काय चीज आहे हे बघायचं असेल तर आज रात्री एक प्रयोग करा. वहीच्या मागच्या पानावर डाव्या हातानं स्वतःचं नाव लिहून बघा. (जे डावरे आहेत त्यांनी उजव्या हातानं लिहा.) पहिलीतल्या मुलासारखं अक्षर येईल. आता कल्पना करा की त्याच हातानं किलोभर वजनाचं पिस्तूल उचलायचंय, २५ मीटरवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या पाच टार्गेटवर एकेक गोळी मारायचीय, आणि या सगळ्याला मिळून वेळ आहे चार सेकंद!

हे ज्यानं केलं, आणि ऑलिंपिकमध्ये दोनदा पहिला येऊन दाखवलं, त्या हंगेरियन माणसाबद्दल मला लिहायचंय. त्याचं नाव कारोय तकाच. इंग्रजी स्पेलिंग बघून कोणी टाकॅक्स वाचेल, पण हंगेरियनमध्ये शेवटची दोन अक्षरं मिळून च होतो. शिवाय तिकडे आडनाव आधी लावतात, अगदी आपल्या मार्कशीटसारखं. म्हणजे हजेरी घेतली असती तर तकाच कारोय.

तकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० चा, बुडापेस्टचा. तो सैन्यात गेला आणि तिथे पिस्तुलाच्या नेमबाजीत त्याचा हात असा बसला की १९३६ पर्यंत तो जगातल्या चांगल्या नेमबाजांत गणला जाऊ लागला. त्याच वर्षी बर्लिनला ऑलिंपिक होतं. साहजिकच त्याची निवड व्हायला हवी होती. झाली नाही! कारण काय, तर तकाच हुद्द्यानं सार्जंट होता, म्हणजे आपल्याकडचा हवालदार म्हणा. हंगेरीच्या सैन्याचा नियम असा की ऑलिंपिकच्या टीममध्ये फक्त कमिशन मिळालेले ऑफिसर जाणार. टार्गेटवरच्या भोकांना हुद्दा कुठून कळणार? पण नियम म्हणजे नियम. बर्लिननंतर ही अट काढून टाकली आणि तकाच १९४० च्या ऑलिंपिकची तयारी करू लागला.

पुढची गोष्ट सांगायच्या आधी तो नेमकं काय खेळायचा ते सांगायला हवं, नाहीतर त्यातली खरी गंमत आणि खरं दुःख, दोन्ही कळणार नाही. त्याच्या प्रकाराला रॅपिड फायर पिस्तूल म्हणतात. हात खाली झुकवून उभं राहायचं. टार्गेट समोर आली की हात वर आणायचा आणि पाच टार्गेटवर पाच गोळ्या झाडायच्या. आधी यासाठी आठ सेकंद मिळतात, मग सहा, मग चार. एकूण ६० गोळ्या, जास्तीत जास्त ६०० गुण. सगळं एकाच हातानं. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवून ठेवायचा, मदतीला घ्यायचा नाही.

आणि पिस्तूल कुठलं? आपले पिक्चरमधले हिरो वापरतात तसलं दणदणीत काहीतरी? मुळीच नाही. पॉइंट टू टू, म्हणजे .२२ इंच, साधारण ५.६ मिलिमीटर. आपल्यातले जे एनसीसीत आहेत त्यांनी याच मापाच्या रायफलनं कॅम्पमध्ये गोळ्या झाडल्या असतील. काडतूस इतकं छोटं की मुठीत दहा-पंधरा सहज मावतील. ते बघून हे काय खेळणं, असं म्हणणारे बरेच असतात.

मी मेकॅनिकलला आहे, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. पॉइंट टू टू लाँग रायफल या काडतुसातली गोळी साधारण २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास. सैन्यात आणि पोलिसांत वापरतात त्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग ३५० धरू. पिस्तुलाचं वजन दोन्हीकडे १.१ किलो समजा. फर्स्ट इयरचं कॉन्झर्व्हेशन ऑफ मोमेंटम लावलं की छोटं पिस्तूल सेकंदाला पाऊण मीटर वेगानं मागे येतं आणि मोठं अडीच मीटरनं. ऊर्जेत बघायचं तर वेगाचा वर्ग होतो, म्हणजे हातावर बसणारा दणका दहा-अकरा पट! (दारूच्या गॅसचं वस्तुमान मी सोडून दिलंय, मास्तरांनी मार्क कापू नयेत.) दणका जेवढा मोठा तेवढं पिस्तुलाचं तोंड वर उडणार, आणि ते परत खाली आणून पुढच्या टार्गेटवर न्यायला तेवढा वेळ जाणार. चार सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या तर हा वेळ आणायचा कुठून? म्हणून रॅपिड फायरचे लोक कितीतरी वर्षं पॉइंट टू टूमधलंही सगळ्यात मऊ, शॉर्ट नावाचं काडतूस वापरायचे. त्याची गोळी दोन ग्रॅमही भरत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर नियम बदलले आणि आता लाँग रायफलच वापरावं लागतं.

हे झालं चॅम्पियन लोकांचं. पण नवशिक्यालाही हेच छोटं पिस्तूल का देतात, त्याचं कारण अजून वेगळं आहे. नवशिक्याचा शत्रू दणका नसतो, दणक्याची भीती असते. दोन-चार मोठे आवाज आणि झटके बसले की शरीर आपोआप शिकतं, आणि चुकीचं शिकतं. गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतात, मनगट खाली दबलं जातं, खांदा आखडतो. गोळी टार्गेटच्या खाली जाते आणि आपल्याला वाटतं पिस्तूलच वाकडं आहे. ही सवय एकदा लागली की सुटायला महिने जातात. ती पकडायची एक जुनी युक्ती आहे. शिकवणारा मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये एखादं नकली काडतूस लपवून भरतो. ट्रिगर दाबला, आवाज झालाच नाही, आणि तरी पिस्तूल हललं, म्हणजे चोर सापडला! पॉइंट टू टूमध्ये आवाज कमी, झटका कमी, काडतूस स्वस्त, त्यामुळे भीती बसायच्या आत शेकडो गोळ्या मारून होतात.

आता १९३८ कडे येऊ. सैन्याच्या सरावात एक सदोष हातबॉम्ब तकाचच्या उजव्या हातातच फुटला. हाताच्या चिंध्या झाल्या. हा तोच हात, ज्याच्यावर त्याची सगळी कमाई होती. वय २८. महिनाभर तो हॉस्पिटलमध्ये होता. दोन वर्षांवर आलेलं ऑलिंपिक, ज्याच्यासाठी हुद्द्याची अट नुकतीच गेली होती, ते आता कायमचं गेलं असंच कोणालाही वाटलं असतं.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर त्यानं डाव्या हातानं सराव सुरू केला. कोणालाही न सांगता. मला या सगळ्या चरित्रातला सर्वात अवघड भाग हाच वाटतो, मेडल वगैरे नंतरचं. कारण नेमबाजीत हात बदलणं म्हणजे फक्त हात बदलणं नाही. चांगल्या टार्गेट पिस्तुलाची मूठ लाकडाची असते आणि तळहाताच्या आकारात कोरलेली असते. उजव्या हाताची मूठ डाव्या हातात बसतच नाही, उलटी करून नवीन घ्यावी लागते. उभं राहायची बाजू बदलते, पाय बदलतात. त्यातून डोळ्याची भानगड वेगळीच. हात जसा उजवा किंवा डावा असतो तसा डोळाही असतो. दोन्ही हातांच्या बोटांची खिडकी करून त्यातून लांबच्या पंख्याकडे बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला पंखा खिडकीतच दिसतो तो तुमचा मुख्य डोळा. पिस्तूल डाव्या हातात आणि मुख्य डोळा उजवा असला तर मान, मनगट, सगळंच नव्यानं जुळवावं लागतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ट्रिगर. पुढची साइट हलू न देता एका बोटानं सरळ मागे दाब देत जाणं हे बोटानं हजारो वेळा करून शिकलेलं असतं. डाव्या हाताच्या बोटाला यातलं काहीच माहीत नसतं. म्हणजे डोकं चॅम्पियनचं आणि हात नवशिक्याचा! मला तर वाटतं पूर्ण नवशिक्याचं बरं असतं, कारण आपण किती वाईट मारतोय हे त्याला कळत तरी नाही. तकाचला प्रत्येक गोळीला कळत असणार.

१९३९ च्या वसंत ऋतूत हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि तकाच तिथे हजर झाला. असं सांगतात की जुने सहकारी त्याच्याजवळ येऊन हळहळ व्यक्त करू लागले, आपल्याला बघायला आल्याबद्दल त्याचे आभार मानू लागले. त्यानं सांगितलं की तो बघायला नाही, खेळायला आलाय. आणि ती स्पर्धा त्यानं जिंकली! उजव्या हातानं नेम धरणाऱ्या अख्ख्या देशाला डाव्या हातानं हरवून. त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत हंगेरीच्या टीमनं ऑटोमॅटिक पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, त्या टीममध्येही तो होता.

पुढे काय झालं ते इतिहासात सगळ्यांनी वाचलंय. महायुद्ध लागलं. १९४० चं ऑलिंपिक रद्द. १९४४ चंही रद्द. ज्या वयात खेळाडू भरात असतो ती तकाचची वर्षं युद्धात गेली. आपल्याकडे एक केटी लागली तर वर्ष वाया गेलं म्हणून रडारड होते. याची बारा वर्षं गेली होती, १९३६ ते १९४८.

१९४८ ला लंडनमध्ये ऑलिंपिक झालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं ऑलिंपिक, आपण हॉकीत ब्रिटिशांना त्यांच्याच घरात हरवलं ते हेच. आपले खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले तेही इथेच. नेमबाजीच्या स्पर्धा लंडनबाहेर बिस्ली नावाच्या गावी होत्या. तिथे रॅपिड फायरमध्ये सगळ्यांचं लक्ष होतं अर्जेंटिनाच्या कार्लोस एन्रिके दियाझ साएन्झ व्हॅलियंतेवर. तो त्या वेळचा जगज्जेता. त्यानं तकाचला बघून आश्चर्यानं विचारलं की तू इथे कशाला आलास, तेव्हा तकाचनं शिकायला आलोय एवढंच उत्तर दिलं, असं सांगतात. तकाचनं ६०० पैकी ५८० गुण मारले, नवा जागतिक विक्रम केला आणि सुवर्णपदक घेतलं. अर्जेंटिनावाल्याला ५७१ वर दुसऱ्या नंबरावर समाधान मानावं लागलं. नऊ गुणांचा फरक म्हणजे या खेळात फार झाला. पदक घेताना दियाझनं त्याला कबूल केलं म्हणे, की तुझं शिक्षण पुरेसं झालेलं दिसतंय! तकाच तेव्हा ३८ वर्षांचा होता.

चार वर्षांनी, १९५२ ला हेलसिंकी. महाराष्ट्राला हे ऑलिंपिक वेगळं सांगायला नको, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांनी याच ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं. तिकडे नेमबाजीत तकाचनं ५७९ गुण करून पुन्हा सुवर्ण जिंकलं. रॅपिड फायरचं सुवर्ण दोनदा जिंकणारा तो पहिलाच. पण मला त्याच्यापेक्षा दुसऱ्या नंबरचा निकाल जास्त आवडतो. रौप्यपदक मिळालं ५७८ गुणांवर, सिलार्ड कुन नावाच्या जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या हंगेरियन मुलाला, आणि तो तकाचचाच शिष्य होता. म्हणजे आपल्या बारावीच्या वयाचं पोरगं गुरूच्या शेजारी उभं राहून फक्त एका गुणानं मागे राहतं! साठ गोळ्यांत एक गुण. एखादी गोळी बोटभर इकडे पडली असती तर निकाल वेगळा असता. मुलाला इतकं जवळ आणून ठेवणारा गुरू किती मोकळेपणानं शिकवत असेल, ते या एका आकड्यावरून कळतं. हातचं राखून शिकवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत. (इथे मी कोणाचंही नाव घेत नाहीये!)

तकाच मुलांना नेमकं कसं शिकवायचा त्याचे धडे काही माझ्याकडे नाहीत. पण ज्यानं स्वतः अठ्ठाविसाव्या वर्षी परत अ आ इ ई गिरवलंय, त्याला नवशिक्याच्या हाताला काय होतं हे पुस्तकात वाचायची गरज नव्हती. नवीन मुलासाठी पिस्तूल निवडताना जाणकार आजही ज्या गोष्टी बघतात त्या त्याच्या डाव्या हातानं एकेक करून भोगलेल्या आहेत. मूठ आधी बघतात. ती हातात आपोआप बसली पाहिजे, पिस्तूल न बघता उचललं तरी दोन्ही साइट एका रेषेत आल्या पाहिजेत. मग वजन. फार हलकं पिस्तूल धरायला बरं वाटतं पण थरथरतं आणि दणकाही जास्त देतं. फार जड असलं की नवशिक्याचा खांदा दहा मिनिटांत दमतो. स्पर्धेत १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण शिकणाऱ्याला किलोभराचं पुरे. ट्रिगर मऊ असणं महत्त्वाचं नाही, दर वेळी सारखा असणं महत्त्वाचं. नियमाप्रमाणे तो निदान एक किलो वजन पेलणारा असावा लागतो. आणि मागची साइट स्क्रूनं सरकवता यायला हवी, म्हणजे सगळ्या गोळ्या एकाच जागी पण बाजूला पडत असतील तर मुलाची मान न पिरगळता साइट फिरवता येते. नळीची लांबी, कंपनीचं नाव, चकाकी यावर दुकानात तास तास वाद घालणाऱ्यांनी या चार गोष्टी बघितल्या तरी पुष्कळ.

आपल्याकडे पॉइंट टू टूला शस्त्रपरवाना लागतो, त्यामुळे आपली मुलं सहसा १० मीटरच्या एअर पिस्तुलावर सुरुवात करतात आणि मग पंचवीस मीटरवर जातात. त्यात तोटा काही नाही. मूठ, साइट, ट्रिगर हे तिन्ही तिथेही तेच. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवशी दोन्हीकडे सारखीच सक्तीनं शिकवतात. पिस्तूल रिकामं असलं तरी भरलेलं समजायचं, तोंड कायम टार्गेटकडे, आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. तकाचचा हात त्याच्या चुकीनं गेला नव्हता, सदोष बॉम्बनं गेला होता. म्हणूनच स्वतःच्या चुकीनं कोणाचा जाऊ नये.

जाता जाता एका शब्दाबद्दल. मी कॉन्व्हेंटवाली, लहानपणापासून शूटिंग हाच शब्द वापरत आले, आणि तो ऐकला की निम्म्या लोकांना पिक्चरचं शूटिंग आठवतं. मराठीतला नेमबाजी हा शब्द मला फार आवडला. त्यात बंदूक नाहीच, फक्त नेम आहे.

१९५६ ला तकाच मेलबर्नला तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये उतरला. ऑलिंपिकच्या जेमतेम काही आठवडे आधी हंगेरीत उठाव झाला होता आणि रशियन रणगाड्यांनी तो चिरडला होता. बुडापेस्टच्या रस्त्यांवर रक्त सांडलेलं असताना हे खेळाडू जगाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तकाच आठवा आला. रुमानियाच्या स्तेफान पेत्रेस्कूनं ५८७ गुणांवर सुवर्ण घेतलं, खेळ तेवढा पुढे गेला होता आणि तकाच ४६ वर्षांचा झाला होता. तरी तो थांबला नाही. १९५८ ला मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत त्यानं ब्राँझ मिळवलं, तेही मोठ्या काडतुसाच्या सेंटर फायर प्रकारात. म्हणजे छोट्या पिस्तुलावर घडलेल्या त्या डाव्या हाताला मोठा दणकाही पेलला! हंगेरीची राष्ट्रीय अजिंक्यपदं त्यानं एकूण ३५ मिळवली. नंतर तो पूर्णवेळ कोच झाला. आणि ज्या सैन्यानं सार्जंट म्हणून त्याला बर्लिनला पाठवलं नव्हतं, त्याच सैन्यातून तो लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाला. ५ जानेवारी १९७६ ला बुडापेस्टमध्ये तो वारला. सहासष्टाव्या वाढदिवसाला सोळा दिवस बाकी होते.

लंडनमध्ये पुन्हा ऑलिंपिक झालं ते २०१२ ला. नेमबाजी या वेळी बिस्लीला नव्हती, वुलिचला होती. तकाचच्याच रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात क्यूबाचा लेउरिस पुपो पहिला आला आणि ३० हिट करून रौप्यपदक मिळवलं भारताच्या विजय कुमारनं, उजव्या हातानं. तो आपल्या सैन्यातल्या डोग्रा रेजिमेंटचा. ऑफिसर नव्हता, सुभेदार होता.